डावी मागची काच

टुंग!

भर दुपार. माझी लेक भिंगरी नुकतीच झोपलेली, सासूबाईंचाही डोळा लागलेला, आवाज नको म्हणून पंखासुद्धा एकवर ठेवलेला, आणि त्या शांततेत माझा लॅपटॉप वाजला. मी स्क्रीनवर पाहिलं आणि अशी उडाले की खुर्ची एकीकडे, मी दुसरीकडे!

"आला! आई, आला! पहिला आला!"

सासूबाई धडपडून उठल्या. कुणी पाहुणाच आला असं समजून त्या केस सारखे करत दाराकडे निघाल्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना जागच्या जागी एक गिरकी घ्यायला लावली. एका गाडीचा एसी बंद पडला होता!

"कुणाच्या गाडीचा?" त्यांनी विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. त्या माझ्याकडे ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागल्या.

"मग हे बरं झालं म्हणायचं की वाईट?"

"बरं, आई! फार म्हणजे फारच बरं झालं!"

माझं हे एक वाक्य त्यांनी पदवीदान समारंभातल्या शपथेसारखं मनावर घेतलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आता तुम्हाला वाटेल, काय दुष्ट बाई आहे! लोकांच्या गाड्या बंद पडतात आणि ही गिरक्या घेते! तर थांबा, माझं काम सांगते. आमची कंपनी गाड्यांची वाढीव वॉरंटी विकते. कारखान्याची वॉरंटी जिथे संपते तिथे आमची सुरू होते. तुम्ही आज एक ठरावीक रक्कम भरायची, उद्या गाडीतला एखादा भाग आपणहून बिघडला तर दुरुस्तीचा खर्च आमचा. ती ठरावीक रक्कम ठरवणारी बाई म्हणजे मी. कमी ठरवली तर कंपनी बुडते, जास्त ठरवली तर कुत्रं फिरकत नाही. शिवाय आलेल्या पैशांतले किती पुढच्या बिघाडांसाठी बाजूला काढून ठेवायचे, तेही मीच सांगते. हे बाजूला काढणं आमच्या साहेबांच्या जिवावर येतं. पैसे आले की त्यांना तो नफाच वाटतो. मी दर महिन्याला समजावते की साहेब, हे पैसे आपले नाहीत, बिघडलेल्या गाड्यांचे आहेत, त्या गाड्या फक्त अजून बिघडायच्या आहेत. मग ते दर महिन्याला चष्मा काढून मला निराशावादी म्हणतात.

मी आणि निराशावादी? मी तर एक नवी कोरी योजना काढली होती! जुन्या, दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या गाड्यांसाठी वॉरंटी! अशा गाडीच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, कारण आधीच्या मालकाने तिचे काय हाल केलेत ते देवाला आणि त्या मालकालाच ठाऊक. मी गेले. गणितं मांडली, किंमत काढली आणि माझं गणित चुकणं शक्यच नाही असं नवऱ्याला जेवताना छाती ठोकून सांगितलं. तो बिचारा हो म्हणाला. तोंडात घास होता.

साहेबांनी योजना आधी एकाच भागात चालवून बघायचं ठरवलं. आणि भाग कुठला निवडला? आमचाच! इथे जुन्या गाड्या भरपूर, म्हणून. योजना चालली तर ती सगळ्या शहरात जाणार होती आणि तिचं सगळं काम कायमचं माझ्याकडे, तेही घरी बसून. नाही चालली तर पुन्हा पूर्ण दिवस ऑफिस. म्हणजे भिंगरी झोपेत असताना निघायचं, ती पेंगायला लागली की परत यायचं आणि तिचा अख्खा दिवस सासूबाईंच्या तोंडून ऐकायचा. ती बाळ असताना मी तसे काही महिने काढलेत. तिने पहिलं पाऊल टाकलं ते मी फोनवर ऐकलंय. पावलाला आवाज नसतो, तरी ऐकलं!

म्हणून या योजनेत माझा जीव अडकला होता. आणि योजना सुरू झाल्यापासून दुरुस्तीच्या खर्चाची एकही मागणी, एकही क्लेम नाही! वॉरंटी खपतेय, पैसे येतायत, गाड्या मात्र ठणठणीत. साहेब खूश. पण क्लेमच नाहीत तर माझी किंमत बरोबर की चूक हे कळणार कसं? आलेख काढणार कशाचा? नाडीच लागत नाही आणि डॉक्टर म्हणतायत पेशंट अगदी शांत आहे, त्यातली गत! मी रोज सकाळी लॅपटॉप उघडायचे, रिकामा तक्ता बघायचे आणि दिवसभर तोंड पाडून फिरायचे. म्हणून तो पहिला क्लेम आला तेव्हा मी नाचले. आलेखावर पहिला ठिपका पडला होता हो!

हे सगळं मी सासूबाईंना चहा घेता घेता समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्यांनी सगळी नोकरी वाचनालयात केली आहे. कपाटात नुसतं पडून राहिलेलं पुस्तक त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा आणि लोकांनी नेऊन नेऊन खिळखिळं केलेलं पुस्तक बघून त्यांचा ऊर भरून यायचा. तर माझ्या तासाभराच्या व्याख्यानातून त्यांनी काय घेतलं असेल? लोक योजना वापरत नाहीत म्हणून सूनबाई सुकत चालली आहे!

त्यांनी आधीच आमच्या इमारतीतल्या आयांच्या गळ्यात माझी वॉरंटी घातली होती. या आया मुलांना आळीपाळीने बालवाडीत सोडतात. आमच्याकडची गाडी नवरा पहाटेच घेऊन जातो, म्हणून भिंगरी रोज यांच्यातल्या कुणाच्या तरी गाडीत. ओळख घट्ट, त्यामुळे सासूबाईंचा शब्द कुणी मोडला नाही. इथवर मला सगळं माहीत होतं आणि त्याचा अभिमानही होता.

मग सुरू झालं. टुंग! एका गाडीचा हॉर्न. टुंग! वायपरची मोटर. रोज संध्याकाळी सासूबाई मला विचारायच्या, आज किती आले? शाळेतल्या मुलाला मार्क विचारावेत त्या सुरात. मी सांगायचे आणि त्या स्वतःशीच हसायच्या. सासूने सुनेच्या कामात इतका रस घ्यावा, या आनंदात मीही हसायचे. दोघी हसतोय! आणि वॉरंटीच्या पैशांना गळती लागली आहे!

मग तक्त्यात ती काच आली. डाव्या बाजूच्या मागच्या दाराची काच वर-खाली करणारी मोटर. जळलेली. त्यानंतर दुसऱ्या एका गाडीची डावी मागची. मग तिसऱ्या कंपनीच्या गाडीची, तीही डावी मागची! उजवी एकही नाही. पुढची एकही नाही. आलेखात सगळे भाग आपले जमिनीला टेकलेले आणि मध्येच हा एक खांब, वर्गात एकट्यानेच उंच झालेल्या पोरासारखा!

आमच्या तक्त्यात मालकाचं नाव नसतं, पत्ता नसतो. कुणाची ओळख पाहून किंमत ठरवली जाऊ नये म्हणून ते मुद्दामच लपवलेलं असतं. मला फक्त गाडीचं वय, किलोमीटर आणि बिघडलेला भाग दिसतो. त्यामुळे माझ्यासमोर होतं ते एक शुद्ध, निर्मळ, वैज्ञानिक गूढ! मी अंघोळ करताना त्याचाच विचार केला. भिंगरीची वेणी घालताना विचार केला आणि एका बाजूला दोन वेण्या घालून बसले. आणि अचानक उत्तर सापडलं.

ऊन!

आमच्या भागातले रस्ते सरळसोट, एकाच दिशेचे. गाड्या दुपारभर एकाच कुशीवर उन्हात. डावीकडची रबरं तापून फुगतात, काच घट्ट बसते, मोटरवर ताण येतो. पुढच्या काचा सारख्या उघडल्या जातात म्हणून मोकळ्या राहतात, मागच्या बिचाऱ्या अडकतात. मोटरच मुळात लेचीपेची बनवली असणार! मी इतकी खूश झाले की पुरावा गोळा करायला लगेच खाली पार्किंगमध्ये धावले. हाताशी एकच थर्मामीटर होता, भिंगरीचा तापाचा. तो मी एकेका गाडीच्या डाव्या काचेच्या फटीत खोचला, घड्याळात बघत उभी राहिले आणि आकडे वहीत उतरवले. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, त्या आयांपैकीच एक, पिशव्या घेऊन येत होत्या. त्या थबकल्या. मी जरा दरडावूनच सांगितलं की कामात आहे. काही गाड्यांना बऱ्यापैकी ताप होता.

सासूबाईंना ही बातमी माझ्याआधी कळली. आमची सून गाड्यांचा तापसुद्धा स्वतः बघते, असं त्यांनी प्रत्येक मजल्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्लेम दुप्पट!

मी साहेबांना फोन लावला. आधी डावी मागची काच ऐकून ते वैतागले, बाजूला काढायचे पैसे वाढवावे लागतील ऐकून कळवळले. पण दोष मोटर बनवणाऱ्याचा असेल तर खर्च त्याच्याकडून वसूल करता येईल, हे ऐकल्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हुशार म्हटलं! त्यांनी थेट कंपनीच्या मालकीणबाईंना कळवलं. त्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. शनिवारी सकाळी व्हिडिओवर मीटिंग ठरली. मी माझा शोध मांडायचा आणि त्याच वेळी तपासणी करणारा आमचा सर्व्हेअर बिघडलेल्या गाड्या प्रत्यक्ष फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवणार. पत्ते त्याच्याकडे. मला काहीच ठाऊक नाही, म्हणजे कुणी माझ्यावर पक्षपाताचा आरोपही करू शकणार नाही. काय चोख व्यवस्था! ही मीच सुचवली होती.

शनिवार उजाडला. सासूबाई भिंगरीला खाली खेळायला घेऊन गेल्या. मी खिडकीपाशी टेबल नीट मांडलं आणि मीटिंगमध्ये शिरले. एका चौकटीत साहेब, नवा शर्ट घालून. दुसरीत मोठ्या बाई, चेहऱ्यावर एक रेष हलत नाही. तिसरीत सर्व्हेअरचा फोन, अजून काळा.

मी सुरू केलं. ऊन, रबर, ताण! मी हातवारे केले, आलेख दाखवले, आमच्या पार्किंगमधल्या तापमानाचा तक्ता दाखवला. मोठ्या बाई किंचित पुढे झुकल्या. साहेबांनी तिकडे कॉलर सारखी केली. मला घरातलं माझं हे टेबल कायमचं दिसायला लागलं, त्यावर भिंगरीचे खडू, शेजारी माझा चहा.

तेवढ्यात सर्व्हेअरची चौकट उजळली. त्यात एक पार्किंग दिसलं. एक जिना दिसला, पहिल्या पायरीचा कोपरा उडालेला. आमच्याही जिन्याच्या पहिल्या पायरीचा कोपरा उडालाय, काय योगायोग, असं मला वाटलं. एक तीनचाकी सायकल दिसली. तिच्या हँडलला माझी जुनी ओढणी बांधली होती.

सर्व्हेअर बोलायला लागला. त्याचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता, आधी खिडकीतून आणि मग लॅपटॉपमधून. मी हळूच खाली पाहिलं. खाली एक गृहस्थ फोन धरून उभे होते आणि त्यांच्या शेजारी, चहाचा कप पुढे करत, सासूबाई.

तो सांगत होता की क्लेम आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक सगळ्या या एकाच इमारतीत आहेत. उन्हाचं म्हणाल तर यातल्या निम्म्या गाड्या सावलीत उभ्या असतात. पण डावी मागची काच गेलेल्या चारही गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे. डाव्या मागच्या दाराच्या बटणाला काहीतरी चिकट लागलंय आणि काचेवर खाली फुलपाखराचं स्टिकर आहे. प्रत्येक गाडीत तेच फुलपाखरू.

त्या फुलपाखरांचं पाकीट माझ्या टेबलाच्या खणात होतं. अर्धं संपलेलं.

साहेबांनी विचारलं, इतके क्लेम एकाच जागेवरून कसे? सर्व्हेअरने तो प्रश्न खाली विचारला आणि कॅमेरा सासूबाईंकडे वळवला. त्या अशा वेळेला कधीच लाजत नाहीत.

"मीच सांगते सगळ्यांना, काही बिघडलं असेल तर कळवा म्हणून. आमच्या सूनबाईला क्लेम फार आवडतात हो. पहिला आला तेव्हा नाचली होती. मला पण नाचवलं तिने."

साहेबांनी चष्मा काढला. तो परत घालायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी तोंड उघडून काही बोलणार, तोच कॅमेऱ्याच्या खालच्या कडेला दोन वेण्या दिसल्या. भिंगरी! ती थेट उघड्या दारातून डॉक्टरीणबाईंच्या गाडीत चढली, डाव्या खिडकीपाशी बसली आणि सर्व्हेअरकाकांना सगळं समजावून द्यायला लागली. ही तिची जागा. हे बटण आता चालत नाही. त्या लाल गाडीचं पण चालत नाही. पांढऱ्या गाडीचं अजून थोडंसं चालतं.

"पण ते पण जाणार," ती गंभीरपणे म्हणाली.

योजनेतला पहिलाच नेमका अंदाज, आणि तो माझा नव्हता!

बाकीचं तिथेच उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पोरगी गोड आहे, तिच्याविरुद्ध काही नाही, पण रोज सकाळी फाटकापाशी तेच. ती मागून काच खाली करते, चालवणारी पुढून वर करते, ती पुन्हा खाली, ही पुन्हा वर. मोटर मध्ये अडकून ओरडते. कुणाचीही गाडी असो. मला सांगायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण सासूबाईंनी बजावलं होतं की सूनबाईला आपसूक कळू दे, तिला जास्त आनंद होईल.

मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्यांनी विचारलं, "म्हणजे दोष मोटरचा नाही, उन्हाचाही नाही. मग कुणाचा?"

"माझ्या मुलीचा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच उशिरा ऐकू आला.

साहेब घाईघाईने म्हणाले की हा चक्क गैरवापर आहे, करारात बसतच नाही, पैसे परत घ्यावे लागतील आणि ही योजना आजच बंद केलेली बरी. मोठ्या बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. बटण दाबायलाच असतं, त्या म्हणाल्या, मुलीने ते दाबलं, आलेले क्लेम आपण देऊ. त्यांना वेगळीच चिंता होती. जुनी गाडी घेणाऱ्या घरांमध्ये लहान मुलं असणारच. प्रत्येक मूल जर असंच करत असेल, तर माझी किंमत पार चुकली आहे आणि योजना गुंडाळायला हवी. पण हे या एकाच मुलीचं काही खास असेल, तर या चार गाड्या हिशेबातून बाजूला काढायच्या, बाकीचे आकडे चांगलेच आहेत, आणि योजना शहरभर न्यायची.

"ती असं का करते ते तिला विचारा आणि मला आजच फोन करा," त्या म्हणाल्या. "तुमचं घरून काम करायचं त्यावरच ठरेल."

चौकटी एकेक करून विझल्या. मी खाली गेले नाही. सासूबाईच भिंगरीला घेऊन वर आल्या, कप परत घेऊन. त्यांनी काय झालं विचारलं. मी फक्त त्यांना मिठी मारली, कारण रागावायला गेले असते तर त्यांनी माझ्यासाठी किती जिने चढउतार केलेत ते आठवलं असतं आणि मी रडले असते. त्या मात्र समाधानाने म्हणाल्या की आजही दोन येतील, वरच्या मजल्यावर बोलून ठेवलंय.

मी भिंगरीला मांडीवर घेतलं. तिच्या बोटांना बिस्किटाचा चिकटा होता. फोन हातात तयार होता, मोठ्या बाईंचा नंबर काढून ठेवलेला. एका पावणेपाच वर्षांच्या मुलीच्या उत्तरावर माझी योजना, माझं टेबल, माझे सगळे दिवस टांगलेले!

मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं की गाडीत बसल्यावर ती काच खाली का करते? वारा लागावा म्हणून? गंमत म्हणून? बाकीची मुलंही करतात का?

तिने मान हलवली. बाकीची नाही करत. त्यांच्या आया गाडीत असतात नाहीतर दुकानात असतात नाहीतर ऑफिसात. त्यांची आई खिडकीत नसते.

"आपल्या फाटकातून गाडी वळली ना, की डाव्या काचेतून तू दिसतेस. वर. खिडकीत. मी तुला टाटा करते."

माझं डोकं झपाट्याने चालायला लागलं. म्हणजे फाटकातून वळताना आमची इमारत डावीकडे! म्हणजे खिडकी याच बाजूला! घरून काम करणारी आई, फाटकासमोर खिडकी आणि बरोबर त्याच बाजूला बसणारी मुलगी, हे सगळं एकत्र शहरात आणखी कुठे असणार? कुठेच नाही! हे आमचंच खास! चार गाड्या बाजूला, बाकीचे आकडे उत्तम, योजना वाचली! मी वाचले! मी नंबरावर अंगठा ठेवला आणि तेवढ्यात, मोठ्या बाई विचारतीलच म्हणून, हसत हसत शेवटची शंका विचारून घेतली. टाटा तर एकदा करायचा असतो. मग ती काच पुन्हा पुन्हा का उघडते?

"तू लॅपटॉपमध्ये बघत असतेस ना. मग काकू काच बंद करते. मग मी परत उघडते. मग परत." तिने माझ्या हातातला फोन अलगद बाजूला सरकवला आणि माझी हनुवटी दोन चिकट बोटांनी स्वतःकडे वळवली.

"आई, तू खाली का नाही बघत?"